साइड स्टेप: पाय ठेवायला की दगड झेलायला?

नवी थार किंवा जिम्नी बुक केली की शोरूममध्ये ॲक्सेसरीजचा वेगळा कागद पुढे येतो. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप आणि त्यातच कुठेतरी साइड स्टेप. "घ्याच साहेब, आई-बाबांना चढायला सोयीचं पडतं," असं सेल्समन म्हणतो आणि ते खोटंही नसतं. टायर कुठले घ्यायचे यावर महिनाभर वाद घालणारी माणसं साइड स्टेप मात्र मॅटबरोबर उरकून टाकतात. पुढे पहिल्याच पावसाळ्यात मुळशीच्या मागे किंवा वेल्ह्याकडे एखाद्या ओढ्यात गाडी उतरते, आणि सगळ्यात आधी दगडाला टेकते ती हीच स्टेप.

"टिकाऊ स्टेप कुठली घ्यावी?" असं विचारणाऱ्याला आधी उलट विचारावं लागतं, की ती कशापुढे टिकायला हवी? माणसाच्या वजनापुढे, दगडापुढे की गंजापुढे? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. बाजारातला बहुतेक माल यांतल्या जेमतेम एका कसोटीला उतरतो, आणि विकला जातो तो मात्र तिन्हींच्या नावावर.

आधी गाडी अडते कुठे ते पाहू. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण उंचवटा ओलांडताना खरा निकाल लागतो तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या कोनावर. कंपन्या त्याला रॅम्प अँगल म्हणतात. दोन चाकांतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, वाढलं की हा कोन घटतो. जिम्नीचंच बघा. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारी जिम्नीचा व्हीलबेस २२५० मिलिमीटर आणि रॅम्प अँगल २८ अंश. २०२३ मध्ये आपल्याकडे आलेल्या पाच दारी जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर आणि कोन २४ अंश. बाकी गाडी जवळपास तीच, फक्त ३४० मिलिमीटर लांबीने चार अंश खाल्ले. थारचीही तीच गत. २०२० च्या तीन दारी थारला २६-२७ अंश मिळतात. २८५० मिलिमीटर व्हीलबेसच्या पाच दारी थार रॉक्सला २३.९.

आता या लांब गाडीच्या पोटाखाली, सर्वांत खालच्या भागापेक्षाही ७५ मिलिमीटर खाली लोंबणारी स्टेप बसवा. जिम्नीच्या २४ अंशांतले सहाएक अंश तिथेच गेले. कंपनीच्या इंजिनिअरांनी जेवढं लांबीपायी गमावलं, त्याहून जास्त आपण एका पाइपापायी घालवतो. गंमत अशी की तीन दारी गाडीत मागे बसायला पुढची सीट वाकवून कसरत करावी लागते, त्यामुळे ती बहुधा दोघांची गाडी राहते. आजी-आजोबांना घेऊन फिरायची गाडी म्हणजे पाच दारी. ज्या गाडीला स्टेपची गरज जास्त, तिलाच ती जास्त नडते. या विषयातली सगळी ओढाताण इथून सुरू होते.

या ओढाताणीवर बाजाराने शोधलेले उपाय अनेक आहेत. सर्वांत जास्त खपतो तो सपाट फूटबोर्ड: ॲल्युमिनियमची पट्टी, वर रबराचे ठिपके, खाली तीन-चार पातळ ब्रॅकेट. फॉर्च्युनरपासून क्रेटापर्यंत सगळ्यांना हाच लागतो. शहरात, लग्नाकार्याला, भिजलेल्या पार्किंगमध्ये तो आपलं काम चोख करतो. दगडावर टेकला की ॲल्युमिनियमची पट्टी मुडपते आणि वर येऊन दाराच्या खालच्या पत्र्यावर बसते. म्हणजे ज्या पत्र्याला वाचवायला ती बसवली, त्याच पत्र्याला ती चेपते. याच्या पुढची पायरी म्हणजे गोल पाइपाची स्टेप, दिसायला दणकट, काळी किंवा चकचकीत. ही दणकट आहे की नुसती दिसते, हे तिच्या पाइपावरून कमी आणि ब्रॅकेटवरून जास्त कळतं, त्याकडे येतोच.

दार उघडलं की खाली येणारी आणि बंद केलं की पोटात जाणारी विजेवरची स्टेपही आता मिळते. कल्पना उत्तम आहे, कारण चालताना कोन शाबूत राहतो. पण तिच्या बिजागऱ्या आणि मोटर नेमक्या चिखल उडतो तिथेच असतात. कोकणातल्या लाल चिखलात दोन दिवस काढून गाडी तशीच उभी ठेवली की ती अर्ध्यावर अडकते, आणि अर्धवट लोंबलेली स्टेप ही कायमच्या स्टेपपेक्षा वाईट. हायवेवर फिरणाऱ्या मोठ्या गाडीला जरूर घ्या, ऑफ-रोडला नको.

राहता राहिला रॉक स्लायडर. याचं मुळातलं काम पाय ठेवणं नव्हेच. दगडावर गाडीचं वजन येईल तेव्हा ते वजन दाराखालच्या पत्र्याऐवजी थेट चॅसीला मिळावं आणि गाडी दगडावरून घसरत पुढे जावी, यासाठी तो असतो. जीप रँग्लरच्या रुबिकॉन प्रकाराला असे रेल कंपनीच देते. ऑस्ट्रेलियातल्या एआरबीसारख्या कंपन्या, ज्या १९७५ पासून याच धंद्यात आहेत, त्यांनी स्टेप आणि रेल एकत्र करून पुढच्या बंपरपर्यंत जोडायची पद्धत रूढ केली, कारण तिकडे झुडपं आणि कांगारू दोन्हींशी गाठ असते. आपल्याकडे गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरतं. तिथे उतरणाऱ्या गाड्यांच्या बाजूला पाहिलं की कळतं, लोंबती पायरी कुणीच ठेवत नाही.

आता पाइपाकडे. फॅब्रिकेटर पाइप गेजमध्ये सांगतो आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा. दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर व्यासाचा पाइप १६ गेजमध्ये घेतला तर मीटरला दोन किलोच्या आत बसतो. तोच ३ मिलिमीटर जाडीचा घेतला तर साडेतीन किलो. वाकण्याला होणारा विरोध मात्र पावणेदोन पटच वाढतो. उलट व्यास अडीच इंच केला आणि जाडी २ मिलिमीटरवर ठेवली, तर वजन मीटरला तीन किलोच्या आसपास राहून वाकण्याचा विरोध त्या ३ मिलिमीटरवाल्या दोन इंची पाइपाच्या १.४ पट होतो. म्हणजे हलका पाइप अधिक ताठ निघाला. हे गणित ऐकून कुणी म्हणेल, मग जाडा व्यास आणि पातळ पत्रा हाच शहाणपणा. नुसतं उभं राहायचं असेल तर खरंच तोच. पण दगड पाइपाला सबंध वाकवायला येत नाही, तो एका बिंदूवर दाबतो. तिथे व्यास कामाचा नाही, जाडीच लागते. पातळ पाइपाला पोचा पडला की गोलाई गेली, आणि गोलाई गेली की ताठपणाही गेला. पुढच्या धक्क्याला तो तिथूनच दुमडतो. शिवाय जाडा व्यास म्हणजे पुन्हा तेवढा क्लिअरन्स कमी. म्हणून स्लायडरला ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, आणि स्टेपला २ मिलिमीटर पुष्कळ झाले.

यात वजनाचाही विचार हवा. प्रत्येक बाजूला दोन समांतर पाइप, आडवे पाय, बैठकीच्या प्लेटा असं सगळं धरलं की स्लायडरची जोडी चाळीस किलोच्या आसपास सहज जाते. हे वजन गाडीत खाली राहतं, त्यामुळे तोल बिघडत नाही, पण ते आहे हे विसरू नये.

पाइपावर एवढं बोलून झाल्यावर सांगतो, की स्टेप टिकते ती पाइपामुळे नव्हे, पकडीमुळे. ८० किलोचा माणूस चॅसीपासून २०० मिलिमीटर बाहेर उभा राहिला आणि ब्रॅकेटची बैठक १०० मिलिमीटर उंच असली, तर वरच्या बोल्टला साधारण १६० किलोचा ओढा बसतो. तो उडी मारून चढला तर दुप्पट धरा. आता तिथेच गाडी दगडावर टेकली. थारसारखी गाडी पावणेदोन टनांच्या घरातली. तिचं अर्धं वजन एका बाजूवर आलं, आणि दगड नेमका एका ब्रॅकेटखाली सापडला, तर ओढा पावणेदोन टनांपर्यंत जातो. ८.८ ग्रेडचा एम१० बोल्ट तीन टनांहून अधिक ओढ सोसतो. म्हणजे बोल्ट तुटतच नाही. वाकतं ते ब्रॅकेट, किंवा ते जिथे बसवलंय तो चॅसीचा पत्रा. स्टेप तुटून आलेल्या गाड्या गॅरेजमध्ये खाली वाकून पाहाव्यात: पाइप बहुधा धड असतो, आणि ३ मिलिमीटरच्या पट्टीचं ब्रॅकेट वेल्डिंगच्या कडेला, टाक्याला लागूनच फाटलेलं असतं. टाका स्वतः सहसा सुटत नाही. त्याच्या शेजारचं तापून बदललेलं लोखंड सुटतं. म्हणून ब्रॅकेटला तिरका आधार, म्हणजे गसेट, आहे का हे पाहणं पाइपावर टिचकी मारून बघण्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

ब्रॅकेट बसतं कुठे, हा त्याहून मोठा प्रश्न. थार, गुरखा, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन, बोलेरो या सगळ्या लॅडर फ्रेमच्या गाड्या. खाली शिडीसारखी चॅसी, वर रबरी माउंटवर बसवलेली बॉडी. चालताना दोघींत थोडी हालचाल होतच असते. स्टेप दोघींना एकदम जखडली तर ही हालचाल ब्रॅकेटच्या टाक्यांवर येते आणि काही महिन्यांत बारीक तडे दिसायला लागतात. नुसती बॉडीला जखडली तर माणूस पेलते, पण दगडावर बसल्यावर बॉडीचा पत्रा चेपतो आणि दार लागेनासं होतं. तेव्हा स्लायडर फक्त चॅसीला, आणि त्याच्यात व बॉडीच्या सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पत्र्यात, बोटभर मोकळी जागा. ही फट पाहून अनेकांना काम ओबडधोबड वाटतं आणि ते फॅब्रिकेटरला "जवळ घे जरा" म्हणतात. घेऊ देऊ नका. वजन आल्यावर स्लायडर थोडा वर लवचतोच, त्याला ती जागा लागते.

चॅसीला धरायचे मार्ग चार. कंपनीने ठेवलेली भोकं वापरणं हा सर्वांत बिनघोर. चॅसीभोवती चिमटा बसवणं हा दुसरा. यात भोक पाडावं लागत नाही, पण चिमटा सरकू नये म्हणून खाली ओठ हवा आणि ब्रेकचा पाइप किंवा वायरिंग त्यात दाबलं जात नाही ना, हे डोळ्यांनी पाहायला हवं. तिसरा, नवीन भोक पाडणं. हे करावंच लागलं तर चॅसीच्या उभ्या बाजूच्या मध्यावर, वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला हात न लावता. सगळ्यात जास्त ताण त्या पट्ट्यांवर असतो. पेटीसारखी बंद चॅसी असेल तर आरपार बोल्ट कसताना आत नळीचा तुकडा घालावाच लागतो, नाहीतर बोल्ट कसेल तशी पेटी चेपत जाते आणि दोन महिन्यांनी बोल्ट ढिला. चौथा मार्ग म्हणजे थेट चॅसीवर वेल्डिंग. तो काही जण आग्रहाने सुचवतात, "परत बघायलाच नको" म्हणून. मला तो मान्य नाही. एकतर चॅसीचं पोलाद तापून बदलतं, दुसरं म्हणजे एकदा वाकलेला स्लायडर काढून सरळ करता येत नाही. वेल्डिंग करायचंच असेल तर निदान बॅटरीची वायर आधी काढायला लावा. आजच्या गाड्यांतले इलेक्ट्रॉनिक्स वेल्डिंगचा करंट सोसत नाहीत.

डस्टर, क्रेटा अशा मोनोकॉक गाड्यांना चॅसीच नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यांना खरा स्लायडर बसवणं अवघड, जवळपास निरर्थक. तिथे सपाट फूटबोर्ड लावा, आणि दगडाच्या वाटेला जाऊ नका.

गंजाचं प्रकरण मात्र सह्याद्रीच्या दोन बाजूंना वेगळं आहे. घाटमाथ्यावर काळा बसाल्ट आहे, धारदार आणि कठीण. तो रंग खरवडतो. खाली कोकणात जांभा तुलनेने मऊ, पण हवेत मीठ. वरची खरवड आणि खालचं मीठ एकाच शनिवार-रविवारात अनुभवणारी गाडी म्हणजे पुण्याहून दापोलीला जाणारी. पावडर कोटिंग बहुधा ६० ते ८० मायक्रॉनचं असतं, दिसतं सुरेख, आणि एकदा टवका उडाला की त्याच्याखालून गंज पसरतो. वरून कातडी शाबूत, आत भुसा. हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग दिसायला राखी आणि खडबडीत. तीनेक मिलिमीटरच्या पोलादावर त्याचा थर ५५ ते ७० मायक्रॉन बसतो, पण खरवडलं तरी जस्त आधी स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. समुद्राजवळ राहणाऱ्याने गॅल्व्हनाइझिंगवर पावडर कोटिंग करून घ्यावं. मात्र बंद पाइप जस्ताच्या कढईत बुडवण्याआधी त्याला हवा जायला भोकं पाडावीच लागतात, नाहीतर आत कोंडलेली वाफ पाइप फोडते. ती भोकं नंतरही कामाची असतात: ओढ्यातून गेल्यावर पाइपात शिरलेलं पाणी तिथून निघतं. खालून निचऱ्याचं भोक नसलेली स्टेप आतून बाहेर गंजते, आणि कळतं ते पाय आत गेल्यावरच.

चकचकीत स्टीलच्या स्टेपबद्दल दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही म्हणजे ३०४. हा पुरावा अर्धवट आहे. स्वस्तातलं २०२ पण चुंबकाला चिकटत नाही, आणि खाऱ्या हवेत ते लवकर डागाळतं. खरं ३०४ सुद्धा किनाऱ्यावर तपकिरी ठिपके धरतं, तिथे ३१६ च लागतं आणि स्टेपसाठी ते कुणी देत नाही. शिवाय स्टेनलेस स्टेप साध्या लोखंडी ब्रॅकेटला जोडली की ओल्या जागी गंज सगळा त्या ब्रॅकेटवर निघतो. ॲल्युमिनियमला लोखंडी बोल्ट लावला की उलटं, ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर घालणं ही दोन रुपयांची गोष्ट आहे, पण मागितल्याशिवाय कुणी घालत नाही.

पाय घसरण्याबद्दल थोडक्यात. चिखलाच्या बुटाला रबराचे ठिपके पहिले दोन दिवस धरतात, मग त्यांच्या खाली माती साचते आणि ओल टिकून राहते. भोकं पाडून कडा वर उचललेला पत्रा सर्वांत चांगला. चिखल खाली पडतो आणि कड बुटाला धरते. अनवाणी किंवा नऊवारीत चढणाऱ्यांसाठी मात्र तो टोकदार पडतो, हेही खरं.

स्टेप बॉडीच्या किती बाहेर यावी? स्लायडर थोडा बाहेर असेल तर झाडाच्या बुंध्यापासून दार वाचतं. पण तुळशीबागेच्या गर्दीत तोच लोखंडी कोपरा शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याच्या नडगीच्या उंचीला येतो. टायरच्या बाहेरच्या कडेच्या आत ठेवा आणि टोकं गोल करून घ्या.

कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून पुढच्या क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं, ते याच कलमाच्या आधारे. चॅसीला हात न लावता बोल्टवर बसवलेली, कंपनीच्या ॲक्सेसरी यादीतली स्टेप आणि चॅसी कापून वेल्ड केलेला स्लायडर, या दोन्हींकडे वॉरंटीवाले आणि विमावाले एकाच नजरेने पाहणार नाहीत. बाहेरून बसवलेलं काही असेल तर विम्यात ॲक्सेसरी म्हणून नोंदवून घ्या.

मग घ्यायचं काय? महिन्यातून एकदाही कच्च्या वाटेवर न जाणाऱ्याने कंपनीची साधी स्टेप घ्यावी आणि स्लायडरच्या नादी लागू नये. घरच्यांचे गुडघे वाचवणं हे काही कमी काम नाही. दर पावसाळ्यात दगडात उतरणाऱ्याने चॅसीला बसणारा, किंचित वर कललेला, वर पाय टेकवण्यापुरती भोकांची पट्टी असलेला स्लायडर घ्यावा. तो पायरी म्हणून थोडा उंच पडतो. उंच पडू द्यावा. आजीसाठी डिकीत एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं की भागतं, आणि ते स्टूल दगडाला अडकत नाही. मधल्यांनी, म्हणजे वर्षातून दोन-चार वेळा बाहेर पडणाऱ्यांनी, स्टेप चार बोल्टांत निघते का ते पाहून घ्यावी आणि निघण्याआधी ती घरी काढून ठेवावी. अर्धा तास लागतो. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर आणि दर पावसाळ्यानंतर बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा कसावेत, हे तिघांनाही लागू.

स्लायडर घ्यायचा ठरला तर नाना पेठेत विचारा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरा, भोसरीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या. पण पूर्ण पैसे देण्याआधी एक गोष्ट करायला लावा. त्याच्याच शेडमध्ये, हँडब्रेक लावून, चाकांना ठोकळे घालून, स्लायडरच्या मध्याखाली जॅक लावायचा आणि गाडीची ती बाजू चाकं सुटेपर्यंत उचलायची. गाडी वर असताना दार उघडून पुन्हा लावून पाहायचं, मग खाली उतरवून सिलजवळची फट आधीइतकीच राहिली का ते मोजायचं. खात्री असलेला कारागीर हे हसत करून दाखवतो. जो "गरज नाही साहेब, गॅरंटी आहे" म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.